विज्ञान व गणित शिक्षण, मिडल स्कूल स्तरावरील

प्राथमिक शाळेचे पहिले चार-पाच वर्ग आणि माध्यमिक शाळा यांच्या दरम्यानच्या वर्गांत, म्हणजे साधारणपणे वयाच्या दहाव्या ते चौदाव्या वर्षांपर्यंत, दिले जाणारे विज्ञान व गणित या विषयांचे शिक्षण. जुन्या मध्य प्रांतात व वऱ्हाडात पाचवी ते आठवीच्या वर्गांना ‘मिडल स्कूल’ म्हणत. महाराष्ट्रात त्याला ‘उच्च प्राथमिक स्तर’ ही संज्ञा रूढ झाली. या वयात मूल मूर्त वस्तूंकडून अमूर्त कल्पनांकडे वळू लागते. अंकगणितातून बीजगणित आणि निसर्गाच्या ओळखीतून पदार्थविज्ञान याच टप्प्यावर उगम पावते. शिवाय विसाव्या शतकात ग्रामीण भागातील बहुसंख्य मुलांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण सातवी-आठवीपूर्वीच थांबत असल्यामुळे त्यांना मिळालेले विज्ञानाचे ज्ञान एवढेच असे. म्हणूनच या स्तरावरील अध्यापनाच्या सुधारणेचा प्रश्न केवळ पुढील शिक्षणाच्या पूर्वतयारीचा नसून सर्वसामान्य नागरिकाच्या विचारशक्तीचा आहे. प्रस्तुत नोंदीत नागपूर व त्याच्याशी प्रशासकीय वा शैक्षणिक दृष्ट्या निगडित अशा प्रदेशांतील प्रयत्नांच्या आधारे या सुधारणेचा इतिहास व तिच्या मार्गातील अडचणी यांचे विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका : इंग्रजी अमदानीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळांत गणित म्हणजे प्रामुख्याने उजळणी असे. पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्‌गत करून घेतले जात. बाजारातील शेर-पायली, रुपये-आणे-पै आणि सावकारी व्याज यांचा हिशेब तोंडी करता येणे हे या शिक्षणाचे उद्दिष्ट होते व ते मर्यादित अर्थाने साध्यही होत असे. विज्ञान या विषयाला मात्र या शाळांत स्थान नव्हते.

मध्य प्रांताची १८६१ मध्ये स्थापना झाल्यावर नागपूर ही त्याची राजधानी झाली. येथे हिस्लॉप महाविद्यालय (१८८३) व मॉरिस महाविद्यालय (१८८५) निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी विज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू झाले आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय विज्ञान परिषदेची अधिवेशने नागपुरास १९२०, १९३१ व १९४५ मध्ये भरली. अशा रीतीने उच्च स्तरावर विज्ञानाची परंपरा या शहरात लवकर रुजली. तथापि तिचा शालेय वर्गांशी संबंध फारसा आला नाही. मिडल स्कूलमध्ये विज्ञान म्हणजे निसर्गपाठ व आरोग्याचे नियम असेच स्वरूप दीर्घकाळ राहिले. गणितात अंकगणितातील त्रैराशिक, व्याज, काळ-काम-वेग इत्यादींच्या ठराविक उदाहरणांवर भर असे. महाविद्यालयातील प्रयोगशाळा व मिडल स्कूलचा फळा यांमधील ही दरी हाच पुढील सर्व सुधारणांचा मूळ प्रश्न होय.

वर्धा योजना : या प्रश्नाला पहिले मूलगामी उत्तर नागपूरच्या शेजारी, वर्ध्यास शोधण्यात आले. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सात ते चौदा वर्षे वयोगटासाठी सात वर्षांचा अभ्यासक्रम तयार केला. हस्तोद्योगाच्या द्वारे सर्व विषय शिकवावेत, हे त्यामागील सूत्र होते. समितीने सुचविलेल्या साडेपाच तासांच्या दैनंदिन वेळापत्रकात मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला व अंकगणित यांना मिळून ४० मिनिटे आणि सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञान यांना मिळून ३० मिनिटे देण्यात आली होती. सामान्य विज्ञानात निसर्गाभ्यास, वनस्पती व प्राणी यांची ओळख, शरीरशास्त्र, आरोग्य, रसायन, ताऱ्यांची माहिती व थोर शास्त्रज्ञांच्या कथा यांचा अंतर्भाव होता.

उद्योगातून गणित शिकविणे ही कल्पना वरवर वाटते त्यापेक्षा सखोल होती. उदा., सूतकताईत चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी व चार लट्यांची एक गुंडी होते. सुताचा अंक म्हणजे एका रत्तलात मावणाऱ्या गुंड्यांची संख्या. एक गुंडी दोन तोळे भरली, तर रत्तल सुमारे ३९ तोळ्यांचा असल्याने सुताचा अंक १९ ते २० येतो. सूत जितके बारीक, तितके गुंडीचे वजन कमी व अंक अधिक. येथे व्यस्त प्रमाण मुलाच्या बोटांतून जात असते. फळ्यावरील ‘इतके मजूर तितके दिवस’ या उदाहरणातील व्यस्त प्रमाणापेक्षा ते निश्चितच अधिक खरे असते. १९३८ मध्ये सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघाने या पद्धतीच्या शाळेचे व शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे कार्य आरंभिले. मध्य प्रांताचे पंतप्रधान रविशंकर शुक्ल यांनी पुरस्कारिलेली विद्यामंदिर योजना याच सुमाराची. शाळेस जमीन जोडून तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च भागवावा, अशी ती योजना होती.

वर्धा योजना सर्वत्र यशस्वी झाली नाही. उद्योगाशी अनुबंध जोडणे काही विषयांत सहज होते, तर काहींत ओढूनताणून करावे लागे. बीजगणित, विद्युत्‌ वा प्रकाश यांचा संबंध टकळीशी जोडणे अवघड होते. अनुबंध जोडण्यासाठी शिक्षकाला विषय व उद्योग या दोहोंचे चांगले ज्ञान असावे लागते; सामान्य प्रशिक्षणातून ते मिळत नसे. परिणामी बऱ्याच शाळांत कताई हा आणखी एक तास ठरला व गणित पूर्ववत्‌ फळ्यावर राहिले. शिवाय पालकांना ही योजना गरिबांसाठी असलेले दुय्यम शिक्षण वाटली. सुधारणेची कल्पना उत्तम असली, तरी ती अमलात आणणारा शिक्षक व ती स्वीकारणारा पालक यांचा विचार झाला नाही, तर ती टिकत नाही, हा या योजनेचा पहिला धडा होय.

परिभाषेचा प्रश्न : विज्ञान मातृभाषेतून शिकविण्याचा आग्रह मध्य प्रांतात लवकर धरला गेला. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठाने कुलगुरू कुंजीलाल दुबे यांच्या काळात हिंदी व मराठी या माध्यमांकडे वळण्याचे धोरण स्वीकारले. त्याच काळात डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे इंग्रजी वैज्ञानिक संज्ञांसाठी संस्कृत धातूंपासून शब्द घडविण्याचे प्रचंड कार्य केले. त्यांनी ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, नायट्रोजनला भूयाति व कार्बनला प्रांगार असे प्रतिशब्द सुचविले. सर्व भारतीय भाषांना एकच परिभाषा मिळावी, हा त्यामागील हेतू व्यापक होता. परंतु मराठीत प्राणवायू, नत्रवायू, कर्ब यांसारखे शब्द आधीच रुळलेले होते. नवे शब्द शास्त्रशुद्ध असूनही परके वाटले व शालेय मराठीत टिकले नाहीत. पुढील काळात पाठ्यपुस्तकांनी मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावेच देवनागरीत स्वीकारली. महाराष्ट्र राज्याच्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केल्यामुळे संज्ञांमध्ये बरीच एकवाक्यता आली.

तथापि परिभाषेची खरी अडचण नव्या शब्दांत नसून जुन्या शब्दांत आहे. बल, शक्ती, ऊर्जा व जोर हे शब्द बोलभाषेत जवळजवळ समानार्थी आहेत; विज्ञानात बल, शक्ती व ऊर्जा या तीन भिन्न राशी होत. वजन व वस्तुमान यांत बाजारात कोणी फरक करीत नाही. उष्णता व तापमान यांचेही तसेच. त्यामुळे ‘प्रकाशसंश्लेषण’ यासारखा लांबलचक शब्द मूल पाठ तरी करते आणि आपल्याला तो कळलेला नाही हे त्याला ठाऊक असते. ‘शक्ती’ हा शब्द मात्र कळला असा त्याचा व शिक्षकाचाही समज होतो. गणितातही असाच प्रश्न आहे. मराठीत बावन्न म्हणताना दोन आधी व पन्नास नंतर उच्चारले जातात, तर लिहिताना पाच आधी येतो. एकोणतीस या शब्दात तर वजाबाकी दडलेली आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाचा पर्याय देण्यात आला, तेव्हा त्यावर राज्यभर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी रूढ संख्यानामे कायम ठेवून जोडीला सोपी पद्धत दिली असल्याचे स्पष्ट केले. भाषेतील लहानसा बदलही समाजाच्या अस्मितेला कसा भिडतो, याचे हे उदाहरण होय.

राज्यपुनर्रचना व आकृतिबंध : १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. जुन्या मध्य प्रांतातील चार वर्षे प्राथमिक व चार वर्षे मिडल या रचनेची सांगड पश्चिम महाराष्ट्रातील पहिली ते सातवी प्राथमिक व आठवीपासून माध्यमिक या रचनेशी घालावी लागली. या एकीकरणात मिडल स्कूल हा स्वतंत्र घटक नाहीसा झाला. पाचवी ते सातवीचे वर्ग काही ठिकाणी जिल्हा परिषद वा नगरपालिका यांच्या प्राथमिक शाळांना, तर काही ठिकाणी खाजगी संस्थांच्या माध्यमिक शाळांना जोडलेले राहिले. आठवी बहुधा माध्यमिक शाळेत गेली. याचे दूरगामी परिणाम झाले. प्राथमिक शाळेतील सातवीला शिकविणारा शिक्षक पुष्कळदा विज्ञानाचा पदवीधर नसे व तेथे प्रयोगशाळा नसे. माध्यमिक शाळेत पदवीधर व प्रयोगशाळा दोन्ही असत, पण ती दहावीच्या वर्गांसाठी राखलेली असे. अशा प्रकारे या स्तराला स्वतःचे घर उरले नाही.

दशमान पद्धती व नवे गणित : याच सुमारास गणिताच्या आशयात दोन मोठे बदल झाले. पहिला बदल समाजातून आला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी व १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनेमापे सुरू झाली. रुपये-आणे-पै, मण-शेर-छटाक यांच्या रूपांतराची कष्टप्रद उदाहरणे अभ्यासक्रमातून गळाली आणि दशांश अपूर्णांकाला व्यवहारात अर्थ प्राप्त झाला. औटकी-अडीचकीचे महत्त्व कमी झाले. शालेय गणितातील कदाचित सर्वांत यशस्वी सुधारणा हीच होय. तिच्या यशाचे कारण असे, की पुस्तकाबरोबर बाजारही बदलला.

दुसरा बदल विद्यापीठांतून आला. रशियाने १९५७ मध्ये स्पुट्‌निक हा कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिकेत शालेय गणित व विज्ञान यांच्या फेरमांडणीची लाट उसळली. संच, फलन व संरचना यांवर आधारलेले ‘नवे गणित’ तेथून जगभर पसरले. भारतात कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे करावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात दहा वर्षांच्या नव्या आकृतिबंधातील पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. या काळातील पुस्तकांत संच, छेद, संयोग, वेनचित्रे इ. संकल्पना आल्या. गणिती दृष्ट्या त्या योग्य होत्या. परंतु बहुसंख्य शिक्षकांनी त्या स्वतः कधी शिकलेल्या नव्हत्या. ज्या घरात पूर्वी वडील मुलाचे त्रैराशिक तपासून देत, त्या घरात आता पुस्तक परके झाले. अमेरिकेतही मॉरिस क्लाइन यांनी १९७३ मध्ये या चळवळीवर कठोर टीका केली. पुढील पुनर्रचनांत संचांचा पसारा कमी करून संख्या, प्रमाण, मापन व भूमिती यांवर पुन्हा भर देण्यात आला.

विज्ञानपेटी : विज्ञानाच्या बाबतीत १९६३-६४ मध्ये युनेस्कोच्या वतीने आलेल्या सोव्हिएट तज्ञांच्या मंडळाने मिडल स्तरापासूनच भौतिकी, रसायनशास्त्र व जीवविज्ञान हे विषय स्वतंत्रपणे शिकविण्याचा पुरस्कार केला. १९७५ च्या राष्ट्रीय आराखड्याने मात्र विज्ञान एकात्म विषय म्हणून शिकवावे, अशी भूमिका घेतली. दहा-बारा वर्षांच्या अवधीत झालेल्या या उलटसुलट बदलांमुळे शिक्षकांत संभ्रम निर्माण झाला. दरम्यान १९७० च्या सुमारास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने युनिसेफच्या साहाय्याने विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला व निवडक शाळांना प्रयोगसाहित्याच्या पेट्या पुरविण्यात आल्या. महाराष्ट्रात या क्षेत्रातील शिक्षक-प्रशिक्षण, विज्ञान प्रदर्शने इ. कार्यांसाठी नागपूर येथे राज्य विज्ञान शिक्षण संस्था स्थापन करण्यात आली. शिक्षण खात्याची बहुतेक प्रमुख कार्यालये पुण्यात असताना विज्ञान शिक्षणाची राज्यसंस्था नागपुरास असणे, ही या शहराच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट होती. पुढे या संस्थेचे प्रादेशिक विद्या प्राधिकरणात रूपांतर झाले.

पेटीचा अनुभव बोधप्रद आहे. पेटीतील वस्तूंची नोंद जडसंग्रहवहीत होत असल्यामुळे परीक्षानळी फुटल्यास तिचा जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागे. साहित्य कुलपात सुरक्षित राहणे हेच त्यामुळे हिताचे ठरे. संपलेली रसायने व जळालेले दिवे पुन्हा मिळण्याची व्यवस्था नव्हती. शिवाय चाळीस मिनिटांच्या तासात पन्नास-साठ मुलांकडून प्रयोग करवून घेणे व तोच भाग परीक्षेसाठी पूर्णही करणे शिक्षकाला शक्य नव्हते. तेव्हा शिक्षक स्वतः एकदा प्रयोग करून दाखवी किंवा त्याची आकृती फळ्यावर काढी. निरीक्षण व अनुमान ही दोन्ही मुले वहीत उतरवून घेत. प्रयोग न करता लिहिलेले निरीक्षण हे विज्ञानाच्या दृष्टीने असत्यच होय. पण या असत्याला गुण मिळत.

होशंगाबादचा प्रयोग : १९५६ पर्यंत नागपूर ज्याची राजधानी होती, त्याच मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये भारतातील सर्वांत महत्त्वाचा मिडल स्कूल विज्ञान-प्रयोग सुरू झाला. किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी शासकीय अनुमतीने सोळा मिडल शाळांत त्याचा आरंभ केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांनी त्यात भाग घेतला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला व १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे, की त्यात अध्यापनाच्या सर्व अंगांना एकाच वेळी हात घातला गेला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे दिलेली नव्हती. मुलांनी गटाने प्रयोग करून ती काढावयाची होती. साहित्य स्वस्त व स्थानिक होते. शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग व दरमहा बैठका होत आणि पुस्तकाच्या दुरुस्तीत त्यांचा वाटा असे. परीक्षेला पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा होती व प्रत्यक्ष प्रयोगावर गुण होते. आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून भूमितीय आकृत्या करण्याची अरविंद गुप्ता यांची पद्धतीही किशोर भारतीतील वास्तव्यातच विकसित झाली. पुढे त्यांचे कार्य पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रातून महाराष्ट्रात पसरले.

तीस वर्षांनंतर, २००२ मध्ये, मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक व एकच परीक्षा असताना एका जिल्ह्याने वेगळे शिकावे काय, हा वादाचा मुद्दा होता. या जिल्ह्यातील मुले नववीत गेल्यावर मागे पडतात, असा आक्षेप घेतला गेला. नववीत व दहावीत पाठांतरालाच गुण मिळत असताना मिडल स्कूलमधील शोधवृत्ती तेथे निरुपयोगी ठरावी, हे स्वाभाविक होते. दोष कोणत्या टोकाचा, याचा निर्णय मात्र खालच्या टोकाविरुद्ध लागला.

खिरोदा प्रकल्प : महाराष्ट्रात याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने पाहिले गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. भौतिकीविज्ञ वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा व परिसरातील ग्रामीण शाळांत १९७५–७८ या काळात प्रकल्प राबविला. पाठ्यपुस्तक व परीक्षा न बदलता, आहे त्या चौकटीत शिक्षकाला काय साहाय्य करता येईल, हा त्यामागील विचार होता. त्यातून व त्यानंतरच्या अभ्यासातून असे दिसून आले, की मुलांच्या अपयशाचे एक मोठे कारण पुस्तकाची भाषा हे होय. लांब मिश्रवाक्ये, ‘जर-तर’, ‘म्हणून’, ‘तथापि’ यांनी जोडलेली विधाने व संस्कृतप्रचुर शैली ही ज्या घरात वाचनाची परंपरा नाही, तेथील मुलाला दुसऱ्या भाषेसारखी वाटते. तोच आशय सोप्या मराठीत दिल्यास त्याचे आकलन सुधारते. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर १९८०–८३ मध्ये केलेल्या कार्यातही योग्य साहाय्य मिळाल्यास ही मुले शालान्त परीक्षेत उत्तम यश मिळवितात, हे सिद्ध झाले. गणित-विज्ञान ‘जात्याच’ काहींना येते व काहींना येत नाही, या रूढ समजुतीला या निष्कर्षांनी छेद दिला.

होशंगाबाद व खिरोदा हे दोन प्रयोग परस्परपूरक होत. पहिल्याने चौकट बदलून शिक्षणाचे रूप किती पालटू शकते, हे दाखविले. दुसऱ्याने चौकट न बदलताही किती करता येते, हे दाखविले. पहिला चौकटीशी झालेल्या संघर्षात संपला. दुसऱ्यातील निष्कर्ष टिकले, पण त्यांचा प्रसार शासकीय यंत्रणेच्या गतीवर अवलंबून राहिला.

स्थानिक संदर्भाचा अभाव : पाठ्यपुस्तक संपूर्ण राज्यासाठी वा देशासाठी एकच असते, निसर्ग मात्र सर्वत्र एकसारखा नसतो. नागपूर २१° उत्तर अक्षांशाच्या किंचित उत्तरेस असल्याने वर्षातून दोनदा, २६ मे व १७ जुलै या दिवसांच्या सुमारास, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्लीस हे कधीच घडत नाही. पृथ्वीच्या आसाचा कल समजण्यासाठी याहून सोपा प्रयोग नाही. पण मे महिन्यात शाळेला सुटी असते, जुलैत आकाश ढगाळ असते आणि पुस्तकात त्याविषयी एखादे सर्वसाधारण वाक्य असते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या व कूलर उत्तम गारवा देतात, पण पावसाळ्यात तोच कूलर निरुपयोगी होतो. मुंबईच्या दमट हवेत तर त्याचा उपयोग उन्हाळ्यातही बेताचाच. बाष्पीभवन व सापेक्ष आर्द्रता हा संपूर्ण धडा येथील प्रत्येक घराच्या खिडकीत बसविलेला असतो. सालीसह पाण्यात टाकलेले संत्रे व सोललेले संत्रे यांपैकी कोणते तरंगते व का, या प्रश्नातून घनतेची कल्पना स्पष्ट करता येते. अशी उदाहरणे शोधण्याचे स्वातंत्र्य शिक्षकाला नियमाने असते, परंतु त्यांवर परीक्षेत प्रश्न येत नसल्याने ते वापरले जात नाही.

या दृष्टीने शाळेबाहेरील संस्थांचे कार्य मोलाचे ठरते. मराठी विज्ञान परिषदेने (स्थापना १९६६) मराठीतून विज्ञानप्रसाराचे कार्य केले. नागपूर येथे १९९२ मध्ये रामन विज्ञान केंद्र सुरू झाले. येथील महानगरपालिकेच्या शाळांतील विद्यार्थ्यांनी घरगुती वस्तूंपासून केलेले प्रयोग ‘अपूर्व विज्ञान मेळा’ या उपक्रमात मांडले जातात व ते स्वतः प्रेक्षकांना समजावून सांगतात. खर्चिक उपकरणांशिवायही विज्ञान शिकविता येते, हे या मेळ्यांमधून अनेक वर्षे दिसून आले आहे. तथापि मेळा काही दिवसांचा असतो व शाळा वर्षभराची; मेळ्यात बोलके झालेले मूल वर्गात पुन्हा मूक होणार नाही, याची हमी मेळा देऊ शकत नाही.

२००९ नंतरची स्थिती : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाने (२००९) सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर देशभर निश्चित केला व त्यासाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक असण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती आली. परीक्षेचे भय कमी करून प्रयोग, प्रकल्प व तोंडी काम यांना स्थान देण्याचा तिचा उद्देश होता. व्यवहारात मात्र नोंदींचे तक्ते भरण्याचे काम वाढले. २०२३-२४ पासून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. ग्रामीण भारताच्या २०१८ मधील असर पाहणीत आठवीतील सुमारे ४४ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले बीजगणिताच्या वर्गात भागाकाराविना बसलेली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा स्वतंत्र ‘मध्यम स्तर’ मानला आहे. मध्य प्रांतातील जुनी मिडल स्कूलची कल्पनाच त्यातून काही अंशी परत आली, असे म्हणता येईल. दरम्यान अनेक मराठी शाळांनी सेमी-इंग्रजीचा स्वीकार करून विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकविण्यास आरंभ केला. त्यामुळे परिभाषेचा जुना प्रश्न सुटला नसून त्यावर आणखी एका भाषेचा थर चढला आहे.

समालोचन : सुमारे नव्वद वर्षांच्या या इतिहासात सुधारणेच्या कल्पनांची उणीव कधीच नव्हती. टकळी, परिभाषा, संच, पेटी, शोधपद्धती, सुलभ भाषा व नवे मूल्यमापन यांपैकी प्रत्येकीत तथ्यांश होता. पण बहुतेकींनी अध्यापनाच्या एकाच अंगाला हात घातला व उरलेली अंगे जुनीच राहिली. पुस्तक बदलले तेव्हा शिक्षक बदलला नाही. साहित्य आले तेव्हा वेळापत्रक बदलले नाही. आणि होशंगाबादेत मिडल स्कूल बदलले तेव्हा त्यावरील माध्यमिक शाळा बदलली नाही. दशमान पद्धतीची सुधारणा टिकली, कारण तिला समाजव्यवहाराचा आधार होता.

शिक्षकाविषयीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. प्रत्येक सुधारणेच्या वेळी त्याला काही दिवसांच्या वर्गात नवे तंत्र सांगण्यात आले; परंतु वर्षभर त्याच्या वर्गात येऊन त्याच्या अडचणी ऐकणारे कोणी नव्हते. होशंगाबादच्या मासिक बैठकांनी ही उणीव भरून काढली होती व त्या कार्यक्रमाच्या तीस वर्षांच्या आयुष्याचे रहस्य बहुधा त्यातच आहे. ज्या शिक्षकाला ‘मला हे ठाऊक नाही, आपण करून पाहू’ असे वर्गात म्हणण्याचे धैर्य व सवड मिळते, त्याच्या वर्गात विज्ञान आपोआप सुरू होते. हे धैर्य त्याला देणारी व्यवस्था निर्माण करणे, हेच या स्तरावरील सुधारणेपुढील खरे आव्हान होय.